कोल्ड स्टोरेजवाल्याने पाहिलेली किलिमांजारोची झाडं

किलिमांजारोहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "समिट झालं का?" झालं. उहुरू शिखर, 5895 मीटर, पाटीसमोर उभा राहून काढलेला फोटो आहे. पण शिखराबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. रात्री निघालो, पुढच्याच्या बुटांच्या टाचा बघत चाललो, वर जरा वेळ थांबलो, डोकं ठणकत होतं, खाली आलो. त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने पडलेत, हौस असेल त्याने ते बघावेत. मला लिहायचंय ते शिखरापासून जवळजवळ दोन हजार मीटर खाली, बारांको कॅम्पच्या आसपास उभ्या असलेल्या झाडांबद्दल. पूर्ण ट्रेकमध्ये मी कुठे रमलो असेन तर तिथे.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे का रमलो ते कळेल. मी तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळतो. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि लागलो तो याच लायनीत. मालक बदलले, कंप्रेसर बदलले, मी चेंबरच्या दारातच. आमच्याकडे मिरची, चिंच, बेदाणा, खजूर, सीझनला सफरचंद. माझं काम म्हणजे आतली थंडी आत आणि बाहेरचा नवी मुंबईचा उकाडा बाहेर ठेवणं. अमोनियाचा प्लांट, लॉगबुक, दर दोन तासांनी टेंपरेचर, आणि माल चढवणाऱ्या पोरांच्या नावाने दिवसभर एकच ओरड: "दार लावा रे!" त्यामुळे कुठेही गेलो तरी मला आधी इन्सुलेशन दिसतं. हॉटेलच्या फ्रीजरचं रबर दिसतं, आइसक्रीमच्या गाडीचा फाटलेला पत्रा दिसतो. हिला याचा वैताग येतो. लग्नाच्या हॉलमध्ये एसीच्या डक्टखाली उभं राहून मी वर बघत बसतो असं तिचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे.

जायचं ठरवलं ते मुलीने. ती कॉलेजात बॉटनी शिकवते. "पप्पा, तुम्ही थंडीत राहून राहून तयार आहात, चला," म्हणाली. मग पारसिक हिल चढ-उतार सुरू झाले, रविवारी खारघरची टेकडी, आणि हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा हरिश्चंद्रगड. आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, त्यामुळे खिरेश्वरची वाट लहानपणापासूनची. तोलार खिंडीतून वर आलो, आणि पठारावर एका ओढ्याच्या काठाला देवनळ उभा होता. माझ्या डोक्याच्याही वर गेलेला, पोकळ दांडा, खाली तंबाखूसारखी लांब पानं आणि शेंड्याला पांढऱ्या फुलांचा भलामोठा तुरा. आजी याला हात लावू द्यायची नाही. गुरंही तोंड लावत नाहीत.

मुलगी म्हणाली, "पप्पा, हा लोबेलिया. किलिमांजारोवर याचेच भाऊबंद भेटणार आहेत. आणि सोनकीचेसुद्धा."

देवनळाचं मी मानलं. सोनकीचं काही पटेना. भाद्रपदात आमच्याकडची पठारं पिवळी करते ती सोनकी, गुडघ्याएवढीसुद्धा नसते. पावसाळा संपला की संपली. तिचा भाऊबंद आफ्रिकेत झाड होऊन उभा आहे म्हणे!

तर आता थेट तिकडे. मचामे गेटपासून पहिला दिवस जंगलातून, चिखल आणि टपटप पाणी. मग झाडं खुजी होत जातात, फांद्यांवरून दगडफुलासारखी लांब दाढी लोंबते, आणि शिराच्या पठारावर पोचेपर्यंत बरंचसं उघडं. त्यानंतरचा दिवस विचित्र असतो. तुम्हाला लाव्हा टॉवरपर्यंत, 4600 मीटरवर चढवतात, तिथे जेवायला घालतात (जेवण जात नाही) आणि परत खाली 3960 मीटरवर बारांकोला उतरवतात. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. त्या उतारावर धुकं होतं, शेजारून ओढा वाहत होता, आणि धुक्यातून एकेक झाड पुढे यायला लागलं.

डेंड्रोसेनेसिओ किलिमांजारी. इंग्रजीत जायंट ग्राउंडसेल म्हणतात. पूर्वी याला सेनेसिओ नावाच्या गटातच धरायचे, आणि आपली सोनकीही सेनेसिओच. म्हणजे सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातलं हे झाड. उंची पाच-साडेपाच मीटरपर्यंत जाते. बारांकोतली बरीचशी माझ्या दुप्पट-तिप्पट होती. वर जाऊन खोडाला दोन-तीन फाटे फुटलेले, प्रत्येक फाट्याच्या टोकाला जाडजूड हिरव्या पानांचा एक गड्डा, आणि त्या गड्ड्याच्या खालपासून जमिनीपर्यंत वाळलेल्या पानांचा थरावर थर. खोड कुठे दिसतच नाही. जुनी पानं वाळतात, काळपट तपकिरी होतात, खाली मुडपतात, पण गळत नाहीत. वर्षानुवर्षांची पानं अंगावर तशीच.

मी बघितलं आणि मुलीला म्हणालो, "याने लॅगिंग केलंय."

लॅगिंग म्हणजे थंड पाइपाला आम्ही जे गुंडाळतो ते. ती हसली, पण मग म्हणाली की बॉटनीवाल्यांचं म्हणणंही तेच आहे.

हे समजून घ्यायचं तर तिथली थंडी समजली पाहिजे, आणि ती आपल्या थंडीसारखी नाही. किलिमांजारो विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला. बारा महिने दिवस बारा तासांचा. हिवाळा नावाचा ऋतू येत नाही. पण उंची एवढी की सूर्य गेला की पारा थेट शून्याखाली जायला बघतो, आणि सकाळी ऊन आलं की माणूस जाकीट काढून बसतो. ओलोव्ह हेडबर्ग नावाचे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्व आफ्रिकेच्या या डोंगरांवर काम करून गेले. त्यांनी याचं वर्णन रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा असं केलंय. दोन महिन्यांतल्या फरकापेक्षा एका दिवसातला फरक मोठा.

हिमालयातल्या झाडाला हे सोसावं लागत नाही. तिथे थंडी एकदा येते, बर्फ पडतो, झाड चार-सहा महिने झोपी जातं. आपल्या सह्याद्रीतलं झाड उन्हाळ्यात पानं टाकून देतं. बारांकोतल्या झाडाला झोपायची सोयच नाही. रोज सकाळी कामावर हजर. माझ्या भाषेत सांगायचं तर स्थिर लोड असेल तर कुठलंही मशीन चालतं. मशीनचा जीव जातो तो रोजच्या चढ-उतारात. मार्चमध्ये मिरचीच्या गाड्या लागतात, दार दिवसभर उघड-बंद होतं, कॉइलवर बर्फ चढतो, डिफ्रॉस्ट करा, पुन्हा खाली आणा. वर्षभर शांत चालणारा प्लांट त्या दोन महिन्यांत आजारी पडतो. त्या झाडाचा मिरचीचा सीझन रोजच असतो.

आणि खरी अडचण रात्रीची नाहीच, पहाटेची आहे. सूर्य डोंगराच्या कडेवरून वर आला की पानांवर एकदम कडक ऊन पडतं. पान तापलं की त्यातून पाणी उडायला लागतं. पण मुळं ज्या मातीत आहेत ती अजून गोठलेली किंवा बर्फासारखी गार. मुळं पाणी ओढू शकत नाहीत. वर मागणी सुरू, खाली पुरवठा बंद. अशा वेळी पान करपून जायचं. म्हणून या झाडाने खोडाच्या मधल्या भेंडात पाणी साठवून ठेवलेलं असतं. पहाटेचे ते पहिले दोन-तीन तास झाड या टाकीवर काढतं. पण टाकीच रात्री गोठली तर? म्हणून वाळक्या पानांचा कोट.

मुलीने तंबूत बसून एक प्रयोग सांगितला, तो मला फार आवडला. दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएलाच्या अँडीजमध्ये, एस्पेलेशिया नावाची अशीच उंच झाडं आहेत. तीही सूर्यफुलाच्याच कुळातली, तीही वाळक्या पानांत गुंडाळलेली. आफ्रिकेतल्या झाडांशी त्यांचं जवळचं नातं नाही, पण थंडी तशीच म्हणून उपायही तोच सापडलेला. संशोधकांनी काही झाडांचा वाळका पाला काढून टाकला आणि आतलं तापमान मोजलं. भेंडाचं तापमान शून्याखाली गेलं, सकाळी पानांना पाणी मिळेना, आणि झाडं पुढे मेली. हे 1980 च्या आसपासचं काम. आमच्याकडे पाइपावरचं इन्सुलेशन फाटलं की सुपरवायझर म्हणतो "बघू पुढच्या महिन्यात". त्याला हे ऐकवायला पाहिजे.

माझ्या सॅकमध्ये कामावरचा प्रोब होता. डिजिटल थर्मामीटर, पुढे लांब सळई, मालाच्या पेटीत खुपसून टेंपरेचर बघतो तो. मुलीने घरून निघताना "पप्पा, हे कशाला?" म्हणून बाहेर काढला होता, मी परत घातला होता. बारांकोच्या सकाळी उजाडायच्या आधी उठलो. तंबूवर दहिवराचा पांढरा थर, झिप उघडताना तो मानेत पडला. वाटेच्या कडेलाच एक झाड होतं. वाळक्या पानांच्या बाहेरच्या कडांवर दहिवर धरलेलं, हातमोज्याने स्पर्श केला तर करकर आवाज. प्रोब आधी हवेत धरला. शून्याच्या खाली. मग पानांच्या दोन थरांमधून सळई हळूच आत सरकवली, पान मोडणार नाही अशी. आकडा चढत गेला, शून्य ओलांडून वर जाऊन थांबला. आत बोट घालून बघितलं तर पानं कोरडी. बाहेर एवढं धुकं, एवढं दव, आणि आत कोरडं! माझ्या दृष्टीने सगळ्यात कौतुकाचं हेच होतं. इन्सुलेशन ओलं झालं की संपलं, मग ते थर्माकोल असो की ग्लासवूल. थंडी अडवते ती अडकून पडलेली हवा, आणि हवेच्या जागी पाणी शिरलं की सगळी उष्णता वाट काढते. आम्ही पफ पॅनेलच्या, म्हणजे चेंबरच्या भिंतीच्या फोम भरलेल्या पत्र्यांच्या, जोडांवर सिलिकॉन मारत बसतो ते याचसाठी. झाडाची पानं कौलासारखी एकावर एक खाली वळलेली असतात, पाणी बाहेरून निथळून जातं.

आमचा गाइड डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरातला, चाळीस-पंचेचाळीसचा. तो चहा घेऊन येत होता. त्याने मला झाडाला थर्मामीटर लावून उभा असलेला बघितला, मुलीकडे बघितलं, आणि काही न बोलता कप दगडावर ठेवून गेला.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत भाताचं तूस भरायचे. मी लागलो तेव्हा एक तशी जुनी इमारत बघितली होती. तूस स्वस्त, आणि काम बऱ्यापैकी करायचं. पण वर्षा-दोन वर्षांत खाली दबायचं, वर पोकळी राहायची, ओल शिरायची, आणि उंदीर. पफ आल्यावर सगळं गेलं. झाडाची पद्धत तुसाच्या जवळची, पण दबून बसण्याचा प्रश्न नाही, कारण वरून दरवर्षी नवा थर येतोच आहे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण घरी आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर मी फोटो टाकला तेव्हा एकाने लगेच लिहिलं, की मग आपला माळी पामची वाळकी पानं का काढतो, बंद करा. अहो, नेरूळला कुठली आलीय हिमरात्र? इथे ती झावळी कुणाच्या गाडीवर नाहीतर डोक्यात पडेल. काढू द्या माळ्याला.

आता दुसरं झाड, देवनळाचं भावंड. लोबेलिया डेकेनी. किलिमांजारोच्या उंचावरच्या पट्ट्यात लोबेलियाची हीच एक जात. ती ओल्या जागी, ओढ्याच्या कडेला जास्त. जमिनीलगत पानांचा मोठा वर्तुळाकार गड्डा, आणि त्याला फुलायची वेळ आली की मधून एक जाडजूड खांब वर येतो, माणसाएवढा किंवा जास्त. जो फुललेला नाही त्या गड्ड्यात वाकून बघितलं तर पानांच्या बेचक्यांत पाणी. पावसाचं, दवाचं, तिथेच धरून ठेवलेलं. पहाटे त्या पाण्यावर बर्फाची चकती होती. नखाने टकटक केलं तर खळ्ळ वाजली. कडेला दाबली, ती तिरकी झाली, आणि खाली पाणी. पाणीच! त्या पाण्याखाली मध्यभागी झाडाचा कोंब, पुढची सगळी वाढ जिथून होणार तो.

हे बघून मी गड्ड्यापाशी उकिडवाच बसलो. कारण हे आमच्या धंद्याचं मूळ आहे. एसी किती टनाचा असं आपण विचारतो, तो टन वजनाचा नव्हे. शून्य अंशाच्या एक टन पाण्याचा, अमेरिकन टन, म्हणजे सुमारे 907 किलो, 24 तासांत बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढी मशीनची ताकद म्हणजे 1 टन. थोडक्यात, पाणी गोठवायचं म्हणजे त्याच्यातून प्रचंड उष्णता बाहेर काढावी लागते, किलोमागे 80 किलोकॅलरी. उलट बाजूने बघा. पाणी गोठताना तेवढीच उष्णता सोडतं. रात्रभर आकाश त्या गड्ड्यातली उष्णता खेचत असतं, आणि गड्डा म्हणतो घे, आधी हे पाणी गोठव. वरचा थर गोठतो, उष्णता सोडतो, खालचं पाणी शून्यावर अडून राहतं. सगळं पाणी गोठल्याशिवाय कोंबाचं तापमान शून्याखाली जाऊ शकत नाही, आणि तोवर सूर्य येतो. शिवाय अंधार पडताना आतली पानं कोंबावर मिटून घेतली जातात, आणि वर बर्फ धरला की तोही झाकणाचं काम करतो.

नाशिककडचे द्राक्षवाले हे बरोबर ओळखतील. निफाडला पारा खाली घसरला की ते पहाटे बागेला पाणी सोडतात, शेकोट्या पेटवतात. पाणी सोडण्यामागचं गणित याच जातीचं.

तुर्भ्याचा मार्केटचा माणूस म्हणून मला हे अजूनच खटकतं की उष्ण देशातल्या झाडाला हे जमलंच कसं. केळं घ्या. 13 अंशांच्या खाली ठेवलं की साल काळी पडते. नवीन पोरगा लागला की हमखास कुणीतरी त्याला सफरचंदाच्या चेंबरमध्ये केळ्याच्या पेट्या ठेवायला सांगून मजा बघतं. अननसही थंडीत आतून तपकिरी होतो. आणि अननसाच्याच कुळात एक झाड आहे, जे पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीजमध्ये चार हजार मीटरच्या आसपास उघड्या माळावर उभं असतं! पुया रायमोंडी. तेही मुलीकडूनच ऐकलं, मग घरी आल्यावर बरंच वाचलं. खाली काटेरी पानांचा गोळा, वर फुलांचा खांब, सगळं मिळून दहा मीटरच्या पुढे जातं. एका खांबावर हजारो फुलं. आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं, आणि त्याला आधी अनेक दशकं लागतात. नाव अंतोनियो रायमोंडी यांच्यावरून. मिलानमध्ये जन्मलेला हा माणूस 1850 मध्ये पेरूला गेला आणि आयुष्यभर तो देश पालथा घालत राहिला. या झाडाचं आजचं नाव मात्र त्याच्या मृत्यूनंतर, 1928 मध्ये हर्म्स नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठाच्या बागेत 1958 मध्ये लावलेलं एक झाड 1986 मध्ये, म्हणजे 28 वर्षांतच फुललं. समुद्रसपाटीजवळच्या उबेत घाई झाली असावी, असं आपलं माझं मत. पेरूमधले मेंढपाळ मात्र या झाडावर खूश नसतात. काटे आतल्या बाजूला वळलेले, मेंढी अडकली की सुटत नाही. म्हणून ते झाडं जाळतात. आज ते धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. मेंढी ज्याची जाते त्याच्या बाजूने बघितलं तर मला त्याला शिव्याही घालवत नाहीत.

एकदाच फुलून मरणं आपल्याला नवीन नाही. ठाण्याच्या लोकांना येऊरची कारवी माहीत आहे, सात-आठ वर्षांनी सगळा डोंगर जांभळा आणि मग सगळी झुडपं वाळून काटक्या. पण लोबेलियाची गोष्ट जरा वेगळी निघाली. डेकेनीचा जो गड्डा फुलतो तो मरतो, पण जमिनीखाली त्याला जोडलेले आणखी गड्डे असतात. एक गेला, बाकीचे चालू. माउंट केनियावर मात्र दोन बहिणी शेजारी-शेजारी राहतात. लोबेलिया केनिएन्सिस ओल्या खोलगट जागी, ती पुन्हा पुन्हा फुलते. लोबेलिया टेलेकी कोरड्या दगडी उतारावर, ती एकदाच फुलते आणि संपते. ट्रुमन यंग नावाच्या संशोधकाने या दोघींवर वर्षानुवर्षं काम केलंय. साधारण असं, की कोरड्या जागी एकदा फुलल्यावर पुन्हा फुलण्याइतकी ताकद गोळा व्हायला फार काळ जातो, आणि तोवर जगायची खात्री नाही. मग आहे ते सगळं एकाच वेळी बियांत घालायचं. ओल्या जागी तेवढी घाई नाही. मार्केटमध्ये दोन्ही प्रकारचे व्यापारी आहेत. एक दरवर्षी थोडा थोडा माल चेंबरला लावतो, दुसरा एकाच सीझनला सगळं लावतो. मी कुणाचंही नाव घेत नाही.

फुललेला खांब बघायला मिळाला तो बारांकोतून निघतानाच. लांबून फुलं दिसतच नाहीत, हिरवट राखी खवल्यांचा खांब वाटतो. जवळ गेल्यावर प्रत्येक खवल्याच्या आड गर्द निळं-जांभळं फूल, बाहेर डोकावलं न डोकावलंसं. त्या खांबावर एक पक्षी येऊन बसला, लांब शेपटीचा, उन्हात हिरवा चमकणारा, आणि वाकडी चोच खवल्यांत खुपसायला लागला. आपल्या बाल्कनीत जास्वंदीवर येतो ना शिंजीर, त्याच घरातला. मुलीने दुर्बीण काढेपर्यंत तो खांबाच्या मागे गेला, मग पुन्हा पुढे आला, असं त्याचं चाललं होतं. मागून येणारे हमाल आमच्या बाजूने डोक्यावर तंबू घेऊन पळत गेले. आमची एकच जोडी वाटेत उभी, बाकी सगळे बारांको वॉलला, म्हणजे कॅम्पच्या पुढच्या उभ्या कड्याला, लागलेले.

सोनकीच्या भावाला फुलं नव्हती, तो काही दरवर्षी फुलत नाही. पण फुलून गेल्याची खूण खोडावर राहते. शेंड्यावर तुरा आला की तो शेंडा तिथेच थांबतो आणि बाजूने नवे फाटे फुटतात. म्हणजे फाटे मोजले की किती वेळा फुललं याचा अंदाज येतो. वाढ वर्षाला काही सेंटीमीटर, त्यामुळे चांगलं फाटेबाज झाड असेल तर ते शंभरीच्या पुढचं धरायला हरकत नाही.

एका गोष्टीची मला धास्ती वाटली, आणि तीही धंद्यातूनच आलेली. आमच्याकडे अमोनिया गळतीइतकीच भीती असते ती इन्सुलेशनच्या आगीची. थर्माकोल आणि पफ थंडी चांगली धरतात आणि पेटतातही चांगले. वेल्डिंगची एक ठिणगी पॅनेलच्या आत गेली तर बाहेरून तासभर कळत नाही. म्हणून वेल्डर आला की मी बादली घेऊन त्याच्या मागे उभा असतो. त्या डोंगरावर शेकडो झाडं वाळक्या पानांचे कोट घालून उभी, आणि खाली आमच्यासारखे लोक स्टोव्ह पेटवून सूप करतायत. ऑक्टोबर 2020 मध्ये किलिमांजारोवर मोठी आग लागली होती. ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा, कारंगा कॅम्पच्या बाजूला, म्हणजे बारांकोच्या पुढचाच मुक्काम. कारंगाला पोचलो तेव्हा आमच्या गटातल्या एकाने तंबूच्या मागे सिगारेट शिलगावली. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, हे तुर्भे नाही." पण त्याने विझवली, थोटूक डबीत टाकलं, आणि खाली उतरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. चालेल.

परत आल्यावर प्लांटवर सगळ्यांना फोटो दाखवले. शेठनी शिखराचा फोटो बघून "शाब्बास" म्हटलं आणि झाडाच्या फोटोवर बराच वेळ थांबले. मग विचारलं, "थर किती जाडीचा असेल?" मी हाताने दाखवलं. "मग आपल्या चार नंबरच्या चेंबरचं काय ते बघा," म्हणाले. चार नंबरच्या मागच्या भिंतीला पावसाळ्यापासून ओल आहे, हे मी लॉगबुकात लिहून लिहून थकलो होतो. पुढच्या आठवड्यात पॅनेलवाला येतोय.

पुढचा बेत माउंट केनियाचा, टेलेकीसाठी. तिथे जायला कोरडे महिने बरे, जानेवारी-फेब्रुवारी किंवा ऑगस्ट-सप्टेंबर. फेब्रुवारी सरत आली की मिरचीच्या गाड्या लागतात, मला सुट्टी मिळणार नाही. ऑगस्टमध्ये मुलीचं कॉलेज. भांडण चालू आहे.

कुणाला यातलं काही तिकीट-व्हिसा न काढता बघायचं असेल तर गणपतीच्या आसपास सह्याद्रीतल्या कुठल्याही पठारावर सोनकी, आणि डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर देवनळ. देवनळाला हात लावू नका, पान चुरगळू नका. विषारी आहे, आणि वाळलेल्या झाडाची धूळ नाका-घशात गेली तर चांगलाच ठसका लागतो. खिरेश्वरहून जाणार असाल तर पहाटे लवकर चढायला लागा, आणि उतरल्यावर गावात जेवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐनवेळी भाकरी मिळत नाही.